लॅपटॉप आणि डेस्कटॉप : नाव एक, बळ निराळे

आमच्या सोसायटीत वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी तिला लॅपटॉप घेऊन दिला. ‘आय-७ आहे, पुढची पाच वर्षे बघायला नको,’ असे दुकानदाराने सांगितले आणि त्याच्या शब्दाखातर ठरवलेल्या रकमेपेक्षा पंधरा हजार रुपये अधिक मोजले गेले. गेल्या सत्रात एका इमारतीचे त्रिमितीय चित्र पूर्ण करून द्यायचे होते. त्या क्षेत्रात या कामाला रेंडरिंग म्हणतात. तिच्या लॅपटॉपवर एका चित्राला पाऊण तास लागू लागला. सकाळी काम सादर करायचे आणि अशी सहा चित्रे बाकी. शेवटी ती पेन ड्राइव्ह घेऊन शेजारच्या घरी गेली. तेथे आय-५ प्रोसेसरचा, तिच्या यंत्राहून एक पिढी जुना डेस्कटॉप होता. त्याने तेच चित्र अर्ध्या तासात हातावेगळे केले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा तिचा प्रश्न सरळ होता, ‘काका, माझा तर आय-सेव्हन आहे ना? आणि नवासुद्धा आहे. मग असं कसं?’

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले, दसरा-दिवाळीच्या जाहिराती सुरू झाल्या की अनेक घरांतून संगणकाची खरेदी होते आणि ती प्रामुख्याने वेष्टनावरील दोन-तीन आकड्यांच्या भरवशावर होते. त्या आकड्यांत खोटे काही नसते. मात्र लॅपटॉपवरील आकडा आणि डेस्कटॉपवरील आकडा एकाच मापाने मोजता येत नाही, ही गोष्ट सांगणारा कोणी नसतो.

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे दुकानात आणि घरातही मॉनिटरशेजारच्या उभ्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वास्तविक सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, ही त्या पेटीतील मदरबोर्डवर बसवलेली, तळहातात सहज मावणारी चिप होय. पेटीतील बाकी बरीचशी जागा ही तिला वीज पुरवण्यासाठी आणि तिची उष्णता बाहेर काढण्यासाठी खर्ची पडलेली असते. लॅपटॉप व डेस्कटॉप यांतील खरा फरक याच रिकाम्या जागेत दडलेला आहे.

प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्यामुळे प्रोसेसर किती वेगाने चालू शकेल, हे त्याला किती वॅट देता येतात आणि तितकी उष्णता किती तत्परतेने बाहेर फेकता येते, यावर ठरते. डेस्कटॉपमध्ये अर्धा किलो वा त्याहून अधिक वजनाचा धातूचा उष्णताशोषक आणि मोठा पंखा बसवता येतो. काही जण पाण्यावर चालणारी शीतन यंत्रणाही बसवतात. लॅपटॉपच्या दीड-दोन सेंटिमीटर जाडीत बोटाएवढ्या चपट्या तांब्याच्या नळ्या आणि पत्र्यासारखे पातळ पंखे यांवरच भागवावे लागते. शिवाय बॅटरीचा प्रश्न असतोच. विमानप्रवासात विशेष परवानगीविना नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने लॅपटॉप बनवणारे सहसा तिच्या पलीकडे जात नाहीत. आता इंटेलचा आय-९ १३९००के हा डेस्कटॉप प्रोसेसर पाहा. पूर्ण भारात त्याची अधिकृत मर्यादा २५३ वॅट आहे. हा प्रोसेसर तशा बॅटरीवर पूर्ण वेगाने चालवला, तर पडदा, डिस्क वगैरे काही न जोडताही ती चोवीस मिनिटांत संपेल.

मग लॅपटॉपचा प्रोसेसर एवढा दुबळाच असायला हवा होता. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि यामागचे गणित मोठे रंजक आहे. चिपमधील ट्रान्झिस्टरच्या उघडझापीत खर्च होणारी वीज ही वेगाच्या, म्हणजे गिगाहर्ट्झच्या प्रमाणात वाढते. परंतु विद्युतदाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात असे ढोबळमानाने धरले, तर वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिल्यास, वेग वीस टक्क्यांनी कमी केला की वीज जवळपास निम्म्यावर येते (०.८ चा घन ०.५१२). वस्तुस्थितीत हे गणित इतके सुबक नसते, कारण व्होल्टेज एका मर्यादेखाली नेता येत नाही आणि काही वीज नुसतीच गळत असते. तथापि दिशा हीच असते. डेस्कटॉप प्रोसेसर शेवटच्या काही टक्के वेगासाठी विजेची अक्षरशः उधळण करतो. लॅपटॉपचा प्रोसेसर त्या शेवटच्या टप्प्यात शिरतच नाही. म्हणूनच पाव विजेत निम्म्याहून कितीतरी अधिक काम होऊ शकते.

ही गोष्ट उद्योगाला एकदा फार महागात शिकावी लागली होती. जुन्या वाचकांना पेंटियम-४ चा काळ आठवत असेल. नोव्हेंबर २००० मध्ये १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झने त्याची सुरुवात झाली. त्या काळी गिगाहर्ट्झ हाच प्रोसेसरचा पराक्रम समजला जाई. तो आकडा वाढवता यावा म्हणून पेंटियम-४ ची अंतर्गत रचनाच तशी केलेली होती : प्रत्येक सूचनेचे काम लहान-लहान पायऱ्यांत तोडलेले, सुरुवातीला २० पायऱ्या आणि २००४ च्या ‘प्रेसकॉट’ आवृत्तीत ३१. पायरी लहान म्हणून ठोके जलद, पण दर ठोक्यामागे होणारे काम कमी. वेग ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला तेव्हा त्या चिपची उष्णता ११५ वॅटवर गेली होती. चार गिगाहर्ट्झच्या आवृत्तीची घोषणा झाली, पुढे ती लांबणीवर पडली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने तो बेत सोडून दिला. कंपनीचे तत्कालीन प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्याच महिन्यात अमेरिकेतील एका परिषदेत व्यासपीठावर गमतीने गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली होती.

याच कंपनीच्या इस्रायलमधील हैफा येथील अभियंत्यांनी दरम्यान निराळी वाट धरली होती. मार्च २००३ मध्ये आलेला त्यांचा पेंटियम-एम केवळ लॅपटॉपसाठी होता. ‘सेंट्रिनो’ या नावाची चिकटपट्टी ज्या लॅपटॉपवर असे, त्यांत हाच प्रोसेसर असे. पेंटियम-४ ऐवजी त्याहून जुन्या पेंटियम-३ च्या वळणाची रचना त्यांनी पायाला घेतली. वेग अवघा १.६ गिगाहर्ट्झ, उष्णता २५ वॅटच्या आत, आणि काम मात्र कितीतरी अधिक गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ च्या तोडीचे. दुकानात १.६ हा आकडा पाहून ग्राहक नाक मुरडत, ही गोष्ट वेगळी. हौशी मंडळींना मात्र त्याचे मर्म उमगले होते. हा लॅपटॉपचा प्रोसेसर डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसवता यावा म्हणून असुस कंपनीने एक जोडणीही बाजारात आणली. पुढे जुलै २००६ मध्ये कोअर-२ ड्युओ आला. त्याने पेंटियम-४ ची परंपरा मोडीत काढली आणि तो याच लॅपटॉपी घराण्यातला होता. आज टेबलावर ठेवलेल्या इंटेलच्या डेस्कटॉपची वंशावळ अशी लॅपटॉपकडे जाते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे नावाकडे येऊ. आय-३, आय-५, आय-७ ही शर्यतीतील स्थाने आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. पण कोणत्या शर्यतीतील, हे नावाच्या शेवटच्या अक्षरात लिहिलेले असते आणि ते अक्षर जाहिरातीत बहुधा छापलेच जात नाही. इंटेलच्या सातव्या पिढीतील तीन ‘आय-७’ पाहा. ७७००के हा डेस्कटॉपचा, चार कोअरचा, ९१ वॅटचा, कमाल ४.५ गिगाहर्ट्झचा. ७७००एचक्यू हा भारी लॅपटॉपचा, चार कोअरचाच, परंतु ४५ वॅटचा आणि ३.८ गिगाहर्ट्झचा. आणि सडपातळ लॅपटॉपमधील ७५००यू हा १५ वॅटचा, त्यात कोअर दोनच. नाव तिघांचे एक, आणि तिसऱ्याकडे काम करणारे हात पहिल्याच्या निम्मे.

तेराव्या पिढीत, म्हणजे २०२२-२३ मध्ये, हा खेळ आणखी गुंतागुंतीचा झाला, कारण तोवर कोअरमध्येच दोन जाती झाल्या होत्या : मोठे, जोरकस कोअर आणि लहान, काटकसरी कोअर. डेस्कटॉपच्या आय-७ १३७००के मध्ये ८ मोठे आणि ८ लहान कोअर आहेत. लॅपटॉपच्या १३७००एच मध्ये ६ मोठे आणि ८ लहान. आणि आय-७ १३५५यू मध्ये मोठे कोअर फक्त २, लहान ८. आमच्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपमध्ये हाच १३५५यू निघाला. शेजारचा ‘साधा’ आय-५ १२४०० हा सहाच्या सहा मोठे कोअर असलेला, ६५ वॅटचा डेस्कटॉप प्रोसेसर होता. तिच्या यंत्राच्या माहितीपत्रकावर कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ लिहिलेला, शेजारच्याचा ४.४. पण हे ५ गिगाहर्ट्झ म्हणजे एखाद-दुसरा कोअर क्षणभर गाठू शकेल असा वेग. रेंडरिंगमध्ये सर्व कोअर एकदम, दीर्घ काळ जुंपले जातात. तेथे सहा धडधाकट बैलांपुढे दोन बैल आणि आठ वासरांची जोडी मागे पडली, यात नवल नाही.

हाच प्रकार एएमडीच्या नावांतही आढळतो. २०२३ सालच्या त्यांच्या पद्धतीत चार आकड्यांपैकी पहिला आकडा सालाचा आणि तिसरा अंतर्गत रचनेचा होता. त्यामुळे ‘रायझन-५ ७५२०यू’ हे ७००० च्या मालिकेतील नवे नाव दिसे, पण आतली रचना २०१९ मध्ये आलेल्या ‘झेन-२’ची असे. ग्राहकाने तिसरा आकडा वाचून हे ओळखावे, अशी अपेक्षा होती. प्रस्तुत लेखकाच्या मते ही माहिती देण्याची नव्हे, लपवण्याचीच रीत झाली. इंटेलनेही २०२३ च्या अखेरीपासून ‘आय’ हे अक्षर सोडून ‘कोअर अल्ट्रा’ आणि नुसते ‘कोअर’ अशी दोन नावे घेतली. शेवटचे यू किंवा एच हे अक्षर त्यांतही पाहावेच लागते.

इतके पाहूनही एक गोष्ट उरतेच, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात नसते. एकच प्रोसेसर दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या वेगाने चालतो. इंटेलच्या प्रोसेसरला विजेच्या दोन मर्यादा दिलेल्या असतात : एक अल्पकाळासाठी, दुसरी दीर्घकाळासाठी. वर सांगितलेल्या १३५५यूची अल्पकालीन मर्यादा ५५ वॅट आणि मूळ मर्यादा १५ वॅट. काम सुरू होताच प्रोसेसर जोरात उसळी घेतो, अर्ध्या-एक मिनिटाच्या आत ती ओसरते आणि तो दीर्घकालीन मर्यादेवर स्थिरावतो. सुटणारी लोकल पकडण्यासाठी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणीही धावेल, पण त्याच वेगाने दादरहून ठाण्यापर्यंत धावता येत नाही, तसेच हे आहे. ही दीर्घकालीन मर्यादा किती ठेवायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या पंख्यांची ताकद पाहून ठरवते. एक कंपनी १५ वॅट ठेवील, दुसरी २५. बाहेरची चिकटपट्टी दोन्हींवर एकच. तापमान शंभर अंशांच्या आसपास पोहोचले, तर या मर्यादाही गुंडाळून ठेवून प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ॲपलने घालून दिले. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने एम-१ ही आपली चिप एकाच वेळी मॅकबुक एअर आणि मॅक मिनी या दोन्हींत आणली. पहिला लॅपटॉप, आणि त्यात पंखाच नाही. दुसरा टेबलावर ठेवायचा छोटा डबा, त्यात पंखा आहे. चार मोठ्या व चार लहान कोअरची चिप दोन्हींत तीच. संकेतस्थळे उघडणे, छायाचित्रात फेरफार करणे, लहानशी ध्वनिचित्रफीत तयार करणे अशा कामांत दोन्ही बरोबरीने चालतात. काम काही मिनिटांच्या पलीकडे लांबले की एअर हळूहळू मागे पडतो, मिनी तसाच चालत राहतो. लॅपटॉप व डेस्कटॉप यांत चिपचा काहीच भेद ठेवला नाही तर उरणारा फरक केवढा, हे या जोडीत दिसते. आणि एक कोअर वापरणाऱ्या कामात तर ३.२ गिगाहर्ट्झचा हा एम-१, पाच गिगाहर्ट्झ ओलांडणाऱ्या तेव्हाच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या तोडीस तोड होता. पेंटियम-एमचीच कहाणी सतरा वर्षांनी पुन्हा घडली म्हणायची.

म्हणूनच चाचण्यांचे गुण वाचताना ती चाचणी किती वेळ चालली, हे पाहणे अगत्याचे आहे. गीकबेंचसारख्या चाचण्या लहान-लहान तुकड्यांत होतात, मध्ये श्वास घ्यायला उसंत असते. लॅपटॉप तेथे डेस्कटॉपच्या फार जवळ दिसतो. सिनेबेंचची २०२० मधील आवृत्ती मूळ मांडणीनुसार किमान दहा मिनिटे चालते, तेव्हा मुखवटा उतरतो. घरच्या घरीही हे तपासता येते. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून एखादे जड काम लावावे आणि दाखवला जाणारा वेग पहिल्या मिनिटाला व दहाव्या मिनिटाला किती आहे, ते लिहून ठेवावे. हीच नोंद चार्जर काढूनही घ्यावी. बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपला वेग बराच आवरता घेतात, हे कित्येकांच्या लक्षातच आलेले नसते.

आपल्याकडील हवामानाचाही येथे संबंध आहे. चिपमधून उष्णता बाहेर पडण्याचे प्रमाण चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. शंभर अंश ही मर्यादा धरली, तर वातानुकूलित, २५ अंशांच्या प्रयोगशाळेत हा फरक ७५ अंशांचा असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतच ४५ अंश झाले, तर तो ५५ वर येतो. म्हणजे शीतनाची क्षमता पाव भागाहून अधिक घटली. डेस्कटॉपच्या मोठ्या पंख्याला ही तूट सहज पचते, लॅपटॉपला पचत नाही. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की तळाची जाळी बंद होते आणि दोन वर्षांची धूळ पंख्यात साठलेली असतेच.

एवढ्यावरून डेस्कटॉपच घ्यावा, असा अर्थ कोणी काढू नये. घरी, कार्यालयात होणारी बहुतेक कामे, म्हणजे पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन वर्ग, प्राथमिक प्रोग्रॅमिंग, ही उसळीचीच कामे आहेत. सेकंदभर धाव, मग वाचणाऱ्याची वाट पाहणे. तेथे चांगला लॅपटॉप कोठेही कमी पडत नाही. विजेचे बिलही पाहावे : १५० वॅट घेणारा डेस्कटॉप आठ तासांत १.२ युनिट खातो, ३० वॅटचा लॅपटॉप पाव युनिटही नाही. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, डेस्कटॉपला निराळा यूपीएस घ्यावा लागतो. मात्र रेंडरिंग, ध्वनिचित्रफितींचे संपादन, मोठ्या प्रोग्रॅमचे संकलन, अभियांत्रिकीची गणिते अशी तासन्‌तास चालणारी कामे ज्याच्या नशिबी आहेत, त्याने त्याच रकमेत डेस्कटॉप काय देतो, हे पाहिल्यावाचून निर्णय घेऊ नये. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जुळवलेल्या यंत्राचा आणखी एक फायदा असा की पुढे प्रोसेसर किंवा रॅम बदलता येते. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो, अनेकांत रॅमही. घेतले ते अखेरपर्यंत.

ज्यांना फिरते यंत्रही हवे आणि बळही हवे, त्यांच्यासाठी ‘एचएक्स’ अक्षरांचे प्रोसेसर आहेत. आय-९ १३९००एचएक्समध्ये डेस्कटॉपच्या १३९००के इतकेच, म्हणजे २४ कोअर आहेत. वीज मात्र २५३ ऐवजी कमाल १५७ वॅट. अशा लॅपटॉपचे वजन, पंख्यांचा गोंगाट आणि विटेएवढा चार्जर पाहता, त्याला मांडीवरचा संगणक म्हणणे धाडसाचेच. उलट बाजूनेही फसगत होते. पडद्याच्या मागेच सारे सामावलेले ‘ऑल-इन-वन’ आणि हल्लीचे मूठभर आकाराचे मिनी पीसी हे दिसायला डेस्कटॉप, परंतु त्यांतील अनेकांत प्रोसेसर लॅपटॉपचाच असतो. ग्राफिक्स कार्डाबाबत हा नामसाधर्म्याचा घोटाळा तर आणखी मोठा आहे. एनव्हिडियाच्या डेस्कटॉप आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ गणनघटक आणि २४ जीबी मेमरी आहे, तर लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ आणि १६ जीबी. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमच्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप उघडून पंख्यातील धूळ काढली, विंडोजमधील वीजव्यवस्था बदलली, त्याच्या तळाखाली हवा जाईल अशी उंची दिली. पाऊण तासाचे काम चाळीस मिनिटांवर आले. त्याखाली ते येणार नव्हते. आता ती नकाशे आणि प्रतिकृती लॅपटॉपवरच तयार करते, वर्गात नेते, शिक्षकांना दाखवते. रात्री साडेदहाला पेन ड्राइव्ह घेऊन शेजारी जाते. सहा चित्रे लावून ठेवली की पहाटेपर्यंत ती तयार असतात.